मालवणात स्कूबा करायचंय? मग परतीच्या तिकिटापासून उलटं मोजत या

पहिल्यांदा मालवणला स्कूबा केलं तेव्हा आम्ही सगळं बरोब्बर उलटं केलं होतं. शुक्रवार-शनिवार किल्ला, देवबाग, सुरमई थाळी, काजू-कोकम खरेदी, आणि स्कूबा ठेवलं रविवारी, म्हणजे "जाता जाता उरकून घेऊ" टाइप. त्यात होती पौर्णिमा, किनाऱ्यावर ही गर्दी, नंबर लागेपर्यंत साडेबारा वाजले, पाणी ढवळलेलं, पाण्याखाली स्वतःची बोटं तेवढी नीट दिसत होती, आणि संध्याकाळी आंबोली घाट चढताना भावाचा कान असा ठणकायला लागला की सावंतवाडीत घेतलेली लाकडी खेळणी मागच्या सीटवर तशीच राहिली आणि आम्ही मेडिकल शोधत बसलो. तेव्हा वाटलं नशीब खराब. नंतर कोर्स केला, चार गोष्टी शिकलो, तेव्हा कळलं की नशीब बिशीब काही नाही, आमचं टाइमटेबलच चुकलं होतं.

म्हणून हे सविस्तर लिहितोय. तीन-चार दिवसांची सुट्टी, पुण्या-मुंबईहून किंवा कोल्हापूर-सांगलीकडून मालवण-तारकर्ली, बरोबर घरचे लोक, त्यातल्या काहींना पोहता येत नाही, अशा ट्रिपमध्ये स्कूबा कसं बसवायचं ते.

आधी परत कसे जाणार ते ठरवा

हो, हॉटेलच्या आधी हेच. कारण असं की पाण्याखाली आपण टाकीतली हवा दाबाखाली श्वासात घेतो आणि त्या हवेतला नायट्रोजन थोडाथोडा रक्तात आणि शरीरात विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो, त्याला तास लागतात, मिनिटं नाही. तेवढ्यात तुम्ही कमी दाबाच्या जागी गेलात, म्हणजे विमानात किंवा उंचावर, तर सोड्याची बाटली झटकन उघडल्यावर जसे बुडबुडे येतात तसं काहीतरी अंगात होऊ शकतं. म्हणून डायव्हर लोकांचा सर्वमान्य नियम आहे की एकच साधा डाइव्ह केला असेल तर विमानाआधी किमान १२ तास थांबा, एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग दोन-तीन दिवस केले असतील तर किमान १८ तास. डीकंप्रेशन स्टॉप, म्हणजे वर येताना मध्ये सक्तीचे थांबे, लागणारे खोल डाइव्ह करणाऱ्यांना १८ तासांपेक्षा बरंच जास्त, पण ते लोक हा लेख वाचत नसणार.

विमानाचं सगळे सांगतात, घाटाचं कोणी सांगत नाही. आणि आपल्याकडे मालवणहून परतणारे निम्मे लोक घाट चढूनच जातात! आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे, फोंडा घाट घ्या नाहीतर करूळवरून गगनबावडा घ्या, शेवटी चढून देशावर यायचं म्हणजे साडेपाचशे-सातशे मीटर आलेच, आणि ते दीड तासाच्या आत. विमानाच्या केबिनएवढं नाही ते, केबिनमधला दाब म्हणजे साधारण १८०० ते २४०० मीटरवर असल्यासारखा असतो. पण डायव्हिंगच्या पुस्तकात ३०० मीटरच्या वर गेलं की उंचीचा हिशोब वेगळा धरायला सांगतात. आता खरं बोलायचं तर ५ मीटर खोल पाण्यात १५-२० मिनिटं राहिलेल्या पर्यटकाला घाटात काही होण्याची शक्यता फार कमी. पण कान-सायनसला त्रास झालेला असेल तर घाट तो बाहेर काढतोच (भावाचा कान आठवा), आणि दिवसात दोन-दोन खरे डाइव्ह मारणाऱ्यानं तर घाटाला विमानासारखंच वागवावं. मी सरळ नियम केलाय, एक उथळ डाइव्ह असेल तर घाटाआधी १२ तास, जास्त असतील तर १८. मुंबईकरांचं बरं, कोकण रेल्वे आणि मुंबई-गोवा हायवे दोन्ही खालून जातात, सह्याद्री चढायला लागत नाही. मोपा किंवा चिपीवरून विमानानं जाणारे मात्र तास मोजूनच बुकिंग करा.

आता उलटं मोजा. समजा रविवारी दुपारी १२ ला घाटाकडे गाडी काढायचीय. त्याआधी १८ तास म्हणजे शनिवार संध्याकाळचे ६. म्हणजे शनिवार सकाळचा डाइव्ह एकदम आरामात बसतो, ९ ला पाण्यात असाल तर रविवारी १२ पर्यंत २७ तास झाले. रविवारी सकाळचा डाइव्ह ११ ला संपवून ५ ला घाटात, हे सहा तास होतात, हे साधारण आपल्या पहिल्या ट्रिपसारखं टाइमटेबल, हे नको.

आणि जायच्या दिवशी लगेच पण नको. रात्रभर बसमध्ये नाहीतर कोकणकन्येत झोप न झालेली, सकाळी कुडाळला उतरून रिक्षानं तीसेक किलोमीटर मालवण, आणि बॅग टाकून थेट बोटीत, असे लोक मी लाइन लागल्यासारखे बोटीच्या कठड्यावर उलट्या करताना बघितलेत. पहिला दिवस झोपा, किल्ला बघा, संध्याकाळी रॉक गार्डनला बसा. डाइव्ह दुसऱ्या दिवशी सकाळी. तिसरा दिवस राखीव. चार दिवस असतील तर अजून छान.

कुठला महिना, आणि मग कुठली तिथी

महिन्याचं सोपं आहे. मे अखेरीला सगळं बंद होतं ते ऑगस्ट संपेपर्यंत, किल्ल्याच्या होड्यासुद्धा बंद असतात, त्यामुळे पावसाळ्यात "चोरून करतो कोणीतरी" वगैरे डोक्यातून काढा. सप्टेंबरमध्ये नद्यांचं गढूळ पाणी अजून समुद्रात असतं. ऑक्टोबरमध्ये कधी मस्त, कधी अरबी समुद्रात काहीतरी कमी दाबाचा पट्टा तयार होऊन सगळं वाहून जातं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा सीझन, मार्च-एप्रिल पण चालतं, मे मध्ये वारा आणि गर्दी दोन्ही वाढतात. ख्रिसमस ते न्यू इयर टाळा हे सांगायला नको. पण एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते, आंगणेवाडीची जत्रा. भराडी देवीची. ती साधारण फेब्रुवारी-मार्चच्या आसपास असते, तारीख पंचांगावरून नाही तर देवीचा कौल घेऊन ठरते, आणि त्या दिवसांत रेल्वेचं तिकीट मिळत नाही, रूम मिळत नाही, मालवणातला प्रत्येक माणूस बिझी असतो. जत्रेलाच जाणार असाल तर जरूर जा, स्कूबासाठी ते दिवस सोडा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, लाँग वीकेंड असेल तर त्या दिवशी सकाळी ८ ला लॉगिन करून बसा.

आता तिथी. हसू नका, ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे आणि कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारलं तरी तो कॅलेंडरवर तारीख नाही, तिथीच बघतो. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब असा, तिथीला पाऊणनं गुणा, म्हणजे तीननं गुणून चारनं भागा, जे येईल ती ढोबळमानानं पूर्ण भरतीची वेळ, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता भरती. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे साधारण दुपारी बारा-सव्वाबाराला. पौर्णिमा-अमावास्या म्हणजे पंधरा, सव्वाअकराला भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं पण प्लॅनिंगला पुरतं. नक्की आकडा हवा असेल तर भरतीचं अ‍ॅप बघा.

याचा स्कूबाशी संबंध काय? दोन गोष्टी. एक, अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्यामुळे ओढ जास्त आणि तळाची वाळू-गाळ उचलला जातो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याची हालचाल कमी, गाळ खाली बसलेला. दोन, भरती बाहेरचं स्वच्छ पाणी आत आणते, ओहोटी खाडीचं गढूळ पाणी बाहेर आणते, आणि देवबागजवळ कर्ली नदी, मालवणच्या उत्तरेला कोळंबची खाडी, दोन्ही बाजूंनी हा प्रकार आहे. म्हणजे आपल्याला काय हवंय, भांगाचे दिवस आणि सकाळी आठ-नऊच्या सुमारास पूर्ण भरती. आता गणित करा. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. झालं! शुक्ल किंवा कृष्ण, कुठलीही दशमी-एकादशी शनिवारी येत असेल तर ती पकडा. एकादशीला मासे नुसते बघायचे, खायचे नाहीत, घरची मंडळी पण खुश.

आणि सकाळच का, तर सकाळी मतलई वारा संपत आलेला असतो, समुद्र तेलासारखा शांत, अकरा-बारा नंतर खारा वारा सुटतो आणि लाटा उठतात. दुपारी पण डाइव्ह होतात, पण सकाळी सातची बॅच मिळत असेल तर दुपारची फुकट दिली तरी घेऊ नका.

अपेक्षा पण जाग्यावर ठेवा. मालवणात चांगल्या दिवशी ५ ते ८ मीटर दिसतं, वाईट दिवशी दोन-तीन. इन्स्टावरचे निळेशार व्हिडिओ बरेचसे अंदमानचे असतात. तसलंच निळं पाणी हवं असेल आणि हातात चार-पाच दिवस असतील तर कर्नाटकात मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटाला जा, पाणी बरंच स्वच्छ, पण बोटीचा प्रवास लांब. गोव्यात ग्रँड आयलंड आहे, तिथलं पाणी साधारण मालवणसारखंच, वर गोव्याचा खर्च. मालवणातच राहून थोडं बाहेर जायचं असेल तर निवतीच्या समुद्रातल्या खडकांकडे जाणाऱ्या बोटी मिळतात, ते कोर्स केलेल्यांसाठी जास्त योग्य. आंग्रिया बँक या समुद्राखालच्या प्रवाळ पठाराचं नाव वाचून फोन करणारे पण भेटतात, ती विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या वर समुद्रात आहे, वीकेंडचं काम नाही ते.

तुम्हाला नक्की काय करायचंय?

"स्कूबा" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, जी बहुतेक लोक करतात, ट्राय डाइव्ह. पोहता यायची गरज नाही, अर्धा तास समजावणं आणि सराव, मग इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून खाली नेतो, मालवणात बहुतेक ठिकाणी हे ५-६ मीटरच्या आसपास होतं, वेळ १५-२० मिनिटं. डायव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय एजन्सीच्या नियमात अशा डाइव्हला वय किमान १० आणि खोली जास्तीत जास्त १२ मीटर. आठ वर्षाच्या पोराला "चालतंय ओ, आम्ही धरतो ना" म्हणणारा ऑपरेटर भेटला तर तिथूनच परत फिरा.

दुसरी, ओपन वॉटर कोर्स. यात थिअरी, पूलमधला सराव आणि समुद्रातले चार डाइव्ह, पास झालात की जगात कुठेही जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं. यासाठी पोहता यायलाच हवं, २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगत राहणं ही परीक्षा असते. तीन-चार दिवस लागतात आणि छोट्या सुट्टीत हा पूर्ण कोर्स घालायचा म्हणजे सुट्टी अशी काही राहत नाही. याला एक छान उपाय आहे, थिअरी घरी ऑनलाइन करा, पूलचा भाग पुण्या-मुंबईतल्या एखाद्या डायव्हिंग स्कूलकडे दोन वीकेंडला करा, त्यांच्याकडून रेफरल, म्हणजे एवढा भाग झाल्याचं पत्र, घ्या, आणि मालवणात फक्त समुद्रातले चार डाइव्ह, ते दोन दिवसांत होतात. मी असंच केलं. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा सेंटर आहे, तिथे ट्रेनिंगसाठी स्वतःचा खोल पूल आहे, त्यामुळे ज्यांना सगळं एकाच जागी करायचंय त्यांनी तिथे आधी फोन करून बॅचच्या तारखा विचाराव्यात.

तिसरी, कोर्स पास झाल्याचं कार्ड असलेल्यांचे फन डाइव्ह, म्हणजे नुसते मजेसाठीचे. शेवटचा डाइव्ह करून वर्ष होऊन गेलं असेल तर आधी रिफ्रेशर करा, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, दोन वर्षांनी पाण्यात उतरलेला कार्डवाला माणूस नवख्यापेक्षा जास्त गडबड करतो, कारण त्याला वाटत असतं आपल्याला येतंय. दिवसाला दोन डाइव्ह पुरे, खोल आधी आणि उथळ नंतर, मध्ये तासभर तरी वर बसायचं, आणि प्रत्येक वेळी वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं.

ऑपरेटरला फोनवर काय विचारायचं

रेट सगळ्यात शेवटी विचारा. दांडी, चिवला, तारकर्ली, देवबाग, सगळीकडे स्कूबावाले आहेत आणि रेटमध्ये कधी कधी तिप्पट फरक असतो, तो फरक कशाचा ते कळायला हवं. एका इन्स्ट्रक्टरमागे पाण्यात किती जण? नवख्याला एकास एक हवं. प्रत्येकाला स्वतंत्र टाकी आणि बीसीडी म्हणजे ते हवेचं जॅकेट मिळणार का? उथळ पाण्यात आधी सराव करून घेणार का थेट बोटीवरून उतरवणार? बोटीवर ऑक्सिजन किट आहे का, शिडी आहे का, लाइफ जॅकेट माणशी एक आहे का? मेडिकल फॉर्म भरून घेता का? हा शेवटचा प्रश्न माझा लाडका आहे, जो म्हणतो "त्याची काय गरज नाय" त्याच्याकडे आपली पण काय गरज नाय. हवामान बिघडलं तर पैसे परत की दुसरी तारीख, हे पण आधीच बोलून घ्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. फोटो-व्हिडिओ पॅकेजमध्ये आहेत का ते विचारा, कारण पाण्यातून वर आल्यावर तोच मुद्दा भांडणाचा होतो.

लाइफ जॅकेटवर एवढा जोर का, तर २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. म्हणजे पाण्याखाली नाही, बोटीत. त्यामुळे बोटीत पाय ठेवल्यापासून जॅकेट अंगात, सेल्फीसाठी पण काढायचं नाही, आणि बोट भरलेली वाटली तर पुढच्या फेरीला जा. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला असेल किंवा मच्छिमारांना समुद्रात जाऊ नका असा हवामान खात्याचा इशारा असेल तर कोणी कितीही म्हणो "जवळच जायचंय", जायचं नाही. राखीव दिवस यासाठीच ठेवलाय. राखीव दिवशी पण विमान किंवा घाटाचा हिशोब बसत नसेल तर डाइव्ह सोडून द्या, किंवा अजून एक रात्र रहा.

डॉक्टर, सर्दी वगैरे

दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं, फुफ्फुसाचं काही जुनं दुखणं, कानाचं ऑपरेशन, डायबिटीस किंवा बीपीची गोळी चालू, यातलं काहीही असेल तर ट्रिपच्या दोन आठवडे आधी डॉक्टरला भेटा आणि लेखी घ्या. प्रेग्नंट असाल तर डाइव्ह नाही, विषय संपला. साधी सर्दी पण नाही चालत, नाक बंद असेल तर कानाचा दाब सुटत नाही, आणि नाकात स्प्रे मारून उतरलात तर त्याचा असर खालीच संपला की वर येताना अडकता. ट्रिपला निघताना कोणाला तरी सर्दी असतेच, त्याला बोटीवर फोटोग्राफर करा.

आदल्या रात्री मालवणात असताना जेवण आवरणं अवघड आहे, मान्य. पण कोंबडी-वडे आणि वर बिअर हे डाइव्हच्या नंतरच्या रात्री. दारू आणि डिहायड्रेशन दोन्ही नायट्रोजनच्या बाबतीत वाईट. सकाळी हलकं काहीतरी, दोन घावणे आणि चहा, पाण्यात उतरायच्या दीड-दोन तास आधी. उपाशी पण जाऊ नका, उलटी उपाशीपोटी जास्त त्रास देते. बोट लागत असेल तर डॉक्टरला विचारून गोळी घ्या, पण ती घरी एकदा घेऊन बघितलेली असू दे, बऱ्याच गोळ्यांनी झोप येते.

पाण्यात

एक गैरसमज आधी, पाठीवर ऑक्सिजनचा सिलेंडर नसतो. साधीच हवा असते, दाबून भरलेली, आपण आत्ता घेतोय तीच. ती तोंडानं घ्यायची, नाक मास्कमध्ये बंद. मास्कमध्ये थोडं पाणी येतंच, मिशीवाल्यांना जरा जास्त येतं, केसांची बट मास्कखाली अडकली तरी येतं, म्हणून वेणी घट्ट. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आहे का आधी विचारावं. मंगळसूत्र, अंगठ्या, पैंजण सगळं रूमवर.

आता कान, कारण ट्राय डाइव्ह फसतात ते बरेचदा कानामुळे, नुसत्या भीतीमुळे नाही. पाण्यात १० मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, ५ मीटरवर दीडपट. पहिल्या दोन मीटरमध्येच कानाला जाणवायला लागतं. नाक चिमटीत धरायचं आणि हळूच नाकातून फुंकल्यासारखं करायचं, कान टुक करून सुटतो. हे दुखायच्या आधी करायचं, अर्ध्या-एक मीटरला एकदा, दुखायला लागल्यावर जोर लावून नाही. सुटत नसेल तर इन्स्ट्रक्टरला कानाकडे बोट दाखवा, अर्धा मीटर वर या, परत करा. ट्रेनमध्ये बसल्या बसल्या प्रॅक्टिस करून ठेवा, लोक बघतात, बघू देत. माझी बायको पहिल्यांदा तीन मीटरवरूनच परत आली होती, दुसऱ्या वेळी घरूनच सराव करून आली आणि माझ्याआधी खाली पोचून हात हलवत होती.

दुसरा नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. कधीही म्हणजे कधीही. ५ मीटरवर छाती भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दीडपट फुगते, आणि रोखून धरली तर फुफ्फुसाला इजा होते, खोल गेलं की धोका आणि उथळ म्हणजे सेफ असं इथे चालत नाही, उलट वरचे पाच-दहा मीटरच जास्त फुगवतात. संथ, लांब श्वास, बुडबुडे चालू ठेवायचे.

तिसरं, खुणा. अंगठा वर म्हणजे "मस्त" नाही, "मला वर जायचंय"! आपल्या लोकांना गोप्रो दिसला की अंगठा वर जातो, आणि इन्स्ट्रक्टर बिचारा वर घेऊन जातो, मग वर येऊन "एवढ्यात का आणलं" म्हणून वाद. ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल. काहीतरी गडबड असेल तर पंजा आडवा धरून हलवायचा.

खाली काय दिसतं? पिवळे-काळे पट्टेवाले सार्जंट मेजर मासे थव्यानं, बटरफ्लाय फिश, पॅरट फिश, खडकाच्या फटीत कधी ईल, खूप समुद्री अर्चिन, ते काळे काटेवाले, त्यांच्यावर हात नाही ठेवायचा. आणि प्रवाळ. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटर, पण तिथे गेलेल्या किती जणांना हे माहीत असतं देव जाणे. प्रवाळ म्हणजे दगड नाही, जिवंत प्राणी, वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटीमीटर वाढतो, आपल्या पायातल्या एका फिनच्या फटक्यानं पंचवीस वर्षांची वाढ मोडू शकते. उभं राहायचं नाही, धरायचं नाही, तुकडा उचलून आणायचा नाही, वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा पण आहे. काही ठिकाणी फोटोसाठी माशांना ब्रेड-बिस्किट खायला घालतात, मासे अंगावर येतात, व्हिडिओ भारी येतो. मी हल्ली आधीच सांगतो, आम्हाला ते नको, फोटो कमी आले तरी चालतील. बहुतेक जण ऐकतात, एखादा हसतो.

वर आल्यावर

थोडं थकल्यासारखं वाटणं, भूक लागणं, नाकातून थोडं खारट पाणी येणं, हे नेहमीचं. मास्क काढल्यावर नाकाशी चिमूटभर रक्त दिसलं तरी घाबरू नका, सायनसची छोटी शीर फुटते, पण परत उतरायचं नाही त्या दिवशी. याउलट सांध्यात खोल दुखणं, हातापायाला मुंग्या, अंगावर चट्टे, चक्कर, श्वास लागणं, विचित्र थकवा, असं काही पुढच्या २४ तासांत झालं तर "मुरगळलं असेल" म्हणून झोपू नका. ऑपरेटरला कळवा, ऑक्सिजन द्यायला सांगा, आडवं ठेवा, १०८ ला फोन करून हॉस्पिटलला जा आणि डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की मी स्कूबा केलंय, किती मीटर आणि किती वेळ. आणि अशा माणसाला "घरी जाऊन बघू" म्हणून घाटानं वर न्यायचं नाही.

बाकी सगळं ठीक असेल तर गोड्या पाण्यानं अंघोळ, कान टॉवेलनं कोरडे करा, आत बड घालू नका, आणि भरपूर पाणी. सोलकढी पण चालते. दुपारी झोपा. राहिलेल्या दिवसात उंचावर न जाता बघायला खूप आहे, धामापूरचा तलाव आहे, देवगडकडे कुणकेश्वर आहे, देवबागच्या संगमावर संध्याकाळी नुसतं बसलं तरी तास जातो. मागच्या वेळी आम्ही शनिवारी पावणेदहाला पाण्याबाहेर आलो, कोरडे झालो, जेवलो, झोपलो, रविवारी सकाळी धामापूरला जाऊन आलो आणि दुपारी एक वाजता फोंड्याचा रस्ता धरला. घाटात भावाला विचारलं कान कसाय, तर तो म्हणाला कान ठीक आहे, एसी कमी कर.